व्याह्यांचा समोवार

जलालुद्दीन नक्काश यांना त्या हिवाळ्यात थंडीची भीती नव्हती, नळ फुटण्याची नव्हती, वीज जाण्याची तर मुळीच नव्हती, कारण जाण्यासाठी ती आधी यावी लागते. त्यांना भीती होती ती एकच. आडनाव जाण्याची.

आडनाव म्हणजे काही छत्री नव्हे, की बसमध्ये विसरली आणि गेली. पण श्रीनगरात, त्यातून नवाकदलसारख्या जुन्या मोहल्ल्यात, आडनावं अशीच जातात. जलाल साहेबांच्या भिंतीला भिंत लावून रहीम ब्रोर राहतात. ब्रोर म्हणजे बोका. रहीमच्या पणजोबांनी एका कडक थंडीत ऊब म्हणून फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत बोका घेतला आणि कुणाच्या तरी मयतीला, सगळे माना खाली घालून बसलेले असताना, तो बोका आतून बोलला. झालं. तेव्हापासून त्या घरात जन्माला येणारं प्रत्येक पोर शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत ब्रोर. त्याआधी त्यांचं आडनाव काय होतं, हे आता खुद्द रहीमलाही सांगता येत नाही.

जलाल साहेबांवर तीच पाळी आली होती, आणि त्याला कारण शीन. शीन म्हणजे बर्फ. मोसमातला पहिला शीन पडला की एकानं दुसऱ्याला तो नकळत हातात द्यायचा. सफरचंदाच्या टोपलीत लपवून, रुमालात गुंडाळून, कसाही. समोरच्यानं बेसावधपणे घेतला की देणारा ओरडतो, "नवशीन मुबारक!" आणि घेणाऱ्याच्या गळ्यात दावत पडते. मात्र त्यानं आधीच ओळखलं तर डाव उलटतो आणि दावत देणाऱ्यावर येते. पहिला शीन छपरांवर आहे तोवर हा खेळ चालतो. पोरं खेळतात, म्हातारे खेळतात, आणि व्याही तर फारच मनापासून खेळतात, कारण एरवी व्याह्याला उघडपणे फसवायची सोय समाजानं ठेवलेली नाही.

जलाल साहेबांचे व्याही हबीबुल्ला शोरा. रैनावारीत राहायचे, शालींचा धंदा करायचे. माणूस गोल, आनंदी आणि शीनच्या बाबतीत अजिबात भरवशाचा नाही. सलग तीन हिवाळे त्यांनी जलाल साहेबांना फसवलं होतं. पहिल्या वर्षी अक्रोडाच्या पेटीतून. दुसऱ्या वर्षी कांदुरच्या दुकानातल्या गरम रोट्यांच्या चवडीतून. तिसऱ्या वर्षी तर डॉक्टरच्या दवाखान्यात, औषधाच्या पुडीतून, म्हणजे डॉक्टरलासुद्धा फितवलं होतं. ज्या माणसानं सचिवालयात अवर सचिव म्हणून आयुष्य काढलं, जो कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय हाती घेत नसे, त्यानं डोळे मिटून पुडी घेतली. मोहल्ला त्यांना लाडानं 'जलाल शीन' म्हणू लागला. आधी पाठीमागे, मग समोरून.

तेही त्यांनी गिळलं असतं. पण डिसेंबरात त्यांच्या धाकट्या मुलाचं, फिरोजचं, स्थळ आपल्या मुलीसाठी बघायला मसूदी म्हणून एक सभ्य गृहस्थ आले. त्यांनी अली कांदुरच्या भट्टीवर विचारलं, "नक्काश साहेबांचं घर कुठलं हो?"

"नक्काश?" अलीनं तंदुरातून डोकं बाहेर काढलं. "या गल्लीत नक्काश नाहीत कोणी. थांबा, थांबा, फिरोजचे वडील का? अहो मग जलाल शीन म्हणा ना! ते काय, समोरच!"

मसूदी घरी आले, गालिच्यावर बसले, नून चहाचा एक घोट घेतला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "म्हणजे आपलं मूळ घराणं शीनांचं का?"

जलाल साहेबांना जो ठसका लागला तो मसूदी जाईपर्यंत थांबला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला बोलावून निर्णय सांगितला. "ताजा, यंदा शीन मी देणार. घेणार नाही."

"बरं," ताजाबेगम म्हणाल्या. "आधी पडू तरी द्या."

हा मुद्दा बिनतोड होता. चिल्लई कलां, म्हणजे ऐन कडाक्याचे दिवस, सुरू होऊनही आभाळ कोरडंठाक होतं. थंडी मात्र हाडं फोडणारी. मोहल्ल्याच्या 'नवाकदल सुखदुःख' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून तोच विषय. 'आमचा नळ गोठला.' 'आमचा फुटला.' 'आमच्याकडे तेल गोठलं, बाटली कापून काढलं.' 'बायकोचा राग गोठवायचा काही उपाय आहे का?' वरच्या डोंगरांवर बर्फ पडल्याचे फोटो यायचे आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागायची. हवामान खात्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं, 'हलका ते मध्यम'. जलाल साहेबांना ते ऐकून नोकरीची आठवण यायची. त्यांनीही उभ्या हयातीत असंच, कुठेही न अडकणारं, लिहिलं होतं.

शीन द्यायचा तर कसा, यावर अली कांदुरच्या दुकानात रोज सकाळी खल होई. गल्लीतली सगळी शहाणी माणसं रोटीच्या निमित्तानं तिथे जमत आणि रोटी गार होईपर्यंत हलत नसत.

"हरीसाच्या भांड्यात द्या," रहीम ब्रोर म्हणाले. "शोरा साब खाण्याला नाही म्हणत नाहीत."

"गरम हरीसात बर्फ?" अलीनं विचारलं.

"वेगळ्या भांड्यात रे! डोकं वापर जरा."

"मग त्याला हरीसाचं भांडं कसं म्हणायचं?"

यावर बराच वेळ गेला. शेवटी सगळ्यांनी अहद काकांकडे पाहिलं. अहद काक हे मोहल्ल्यातले सर्वांत वृद्ध आणि रीतीरिवाजांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय. ते भट्टीला पाठ लावून बसत आणि निकाल देताना डोळे मिटत.

"जे त्याचंच आहे ते त्याला दे," काक डोळे मिटून म्हणाले. "स्वतःची वस्तू परत घेताना माणूस तपासत नाही."

जलाल साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोवार! गेल्या वर्षीच्या दावतीला नक्काशांचा समोवार ऐन वेळी गळू लागला, तेव्हा शोरांनी उदारपणे आपला घरून मागवला होता. तांब्याचा, नक्षीचा, पोटाला भरपूर जागा असलेला. फसवणाऱ्यानं फसलेल्याला चहासाठी भांडंही पुरवावं, हा अपमान जलाल साहेब विसरले नव्हते. पण तो समोवार त्यांच्याच माळ्यावर पडून होता, आणि शोरा गेले वर्षभर दर भेटीत म्हणत होते, "माझा समोवार तेवढा पाठवा बरं का." आता तो जाणार होता. भरून.

हल्ल्याची तयारी झाली. राहिला बचाव. शोरा काही हात बांधून बसणार नव्हते आणि त्यांची माणसं शहरभर होती. म्हणून जलाल साहेबांनी ग्रुपवर एक निवेदन टाकलं: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पुढील सूचना मिळेपर्यंत निम्नस्वाक्षरीकार कोणाच्याही हातून कोणतीही वस्तू स्वीकारणार नाही. वस्तू जमिनीवर ठेवाव्यात.' त्यावर लगेच एकवीस अंगठे आले आणि रहीम ब्रोर यांनी विचारलं, 'अंगठे स्वीकारणार का, ते तरी कळवा.'

काश्मिरी माणसाला हात लपवणं अवघड नसतं. फेरनच्या बाह्या रिकाम्या सोडायच्या, दोन्ही हात आत, पोटाशी निखाऱ्यांची कांगडी. जलाल साहेब अशा बिनहाताच्या अवस्थेत मोहल्ल्यात हिंडू लागले. अलीनं रोटी पुढे केली की म्हणत, "फळीवर ठेव." वाण्यानं सुटे पैसे दिले की म्हणत, "पोत्यावर ठेव." शेजारच्या म्हाताऱ्या जाना आपांनी प्रेमानं सलगमची भाजी आणली, तर साहेबांनी वाडगा उंबऱ्यावर ठेवायला लावला आणि लाकडी पळीनं तळापर्यंत ढवळून पाहिला. सलगमच होते.

"विष नाही घातलेलं," जाना आपा म्हणाल्या आणि वाडगा उचलून परत घेऊन गेल्या.

"अजून बर्फ पडलाच नाही, तर कुणी देणार कुठून?" ताजाबेगमनी विचारलं.

"सवय," साहेब म्हणाले. "सवय आधी लावावी लागते."

याच आठवड्यात मसूदी दुसऱ्यांदा भेटले, पुलावर. त्यांनी अगदी आपुलकीनं हात पुढे केला. जलाल साहेबांचे हात फेरनच्या आत वळवळले, पण बाहेर आले नाहीत. मसूदी दूरचे का होईना, शोरांच्या ओळखीचे होते. "माफ करा," साहेब म्हणाले, "सध्या हात बंद आहेत." मसूदींनी आपला लांबवलेला हात काही वेळ तसाच हवेत ठेवला, मग त्याच हातानं टोपी नीट केली आणि ते निघून गेले. त्यानंतर स्थळाकडून निरोप आला नाही. फिरोज दोन दिवस वडिलांशी बोलला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रविवारी नुजहत माहेरी आली. जलाल साहेबांची लाडकी लेक, शोरांची सून. बरोबर तिचा मुनीब. वर्षाचा व्हायला आला होता, चालता चालता बसायचा, आणि त्याला नुकतीच एक नवी विद्या आली होती. जे हाती लागेल ते समोरच्याला द्यायचं. चमचा, मोजा, रोटीचा चोखलेला तुकडा. दिलं आणि समोरच्यानं घेतलं की त्याला इतका आनंद व्हायचा की तो बसल्या जागी उड्या मारायचा.

तो तसाच डुलत डुलत आजोबांपुढे आला आणि मूठ पुढे केली. मुठीत काहीतरी होतं. "घे," तो म्हणाला. त्याच्या भाषेत तेवढा एकच शब्द होता.

आता मुनीब हा लेकीचा मुलगा खरा, पण आडनावानं शोरा. जलाल साहेबांचे हात फेरनमध्ये घट्ट झाले. "गालिच्यावर ठेव हं बाळा," ते म्हणाले.

मुनीबनं मूठ आणखी वर केली. "घे."

"खाली ठेव. शहाणा ना तू?"

पोरानं आजोबांच्या रिकाम्या बाह्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्याचा खालचा ओठ आधी बाहेर आला आणि मग थरथरला. मुठीतून रोटीचा ओला तुकडा गालिच्यावर पडला. नुजहतनं त्याला उचललं, त्याचा फेरन चढवला आणि चहा न घेता निघून गेली. जलाल साहेबांनी तो तुकडा नंतर स्वतः उचलला. त्यांना फार वाईट वाटलं. पण अवर सचिवाला वाईट वाटलं म्हणून काढलेला आदेश मागे घेता येत नाही.

आणि मग एका सकाळी त्यांना जाग आली ती शांततेनं. कुत्री गप्प, हॉर्न गप्प, आणि छताच्या लाकडावर खालून आल्यासारखा पांढरा उजेड. त्यांनी फोन उघडला. ग्रुप वेडा झाला होता.

'पडला!' 'कुठे?' 'वर बघ, ग्रुपवर काय बघतोस!' 'माझ्या अंगणात घोट्यापर्यंत!' 'माझ्याकडे गुडघ्यापर्यंत!' 'तुझा गुडघा आहे केवढा!' 'आई रडतेय आनंदानं.' 'माझी पण रडतेय, वाळत घातलेल्या मिरच्या बाहेर राहिल्या.' 'नवशीन मुबारक, नवशीन मुबारक, सगळ्यांना नवशीन मुबारक!'

खाली गल्लीत तर जत्राच भरली होती. पोरं तोंड उघडून आभाळाखाली उभी होती. जाना आपा खिडकीतून हात बाहेर काढून अल्लाचे आभार मानत होत्या आणि त्याच हातानं रहीम ब्रोरच्या डोक्यावर बर्फ टाकत होत्या. अली कांदुरनं तंदूर सोडून बाहेर येऊन नाच केला आणि त्याच्या पहिल्या घाण्याच्या रोट्या करपल्या, पण कोणी तक्रार केली नाही. साठी उलटलेले जलाल साहेबसुद्धा जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत उतरले. अंगणातल्या कोवळ्या बर्फात त्यांनी चपलेसकट पाय रोवला, तो कुरकुरला, आणि त्यांना उगाचच हसू फुटलं.

मग ते भानावर आले. कामाला लागायला हवं होतं. समोवार माळ्यावरून आधीच उतरवून ठेवला होता. त्यांनी अंगणातला स्वच्छ शीन ओंजळीनं आत भरला, बोटांनी ठासला, पुन्हा भरला. एवढ्यात पत्र्याच्या छपरावरून एक घसघशीत ढीग सुटला आणि थेट त्यांच्या डोक्यावर आला.

"नवशीन मुबारक!" भिंतीवरून रहीम ब्रोर ओरडले.

"हे धरायचं नाही!" मानेतून शिरलेला बर्फ कमरेपर्यंत पोचलेला असताना जलाल साहेब गरजले. "हात लावलेला नाही मी! आणि छप्पर ही व्यक्ती नव्हे!"

अहद काकांना खिडकीतून विचारण्यात आलं. काकांनी डोळे मिटले. "डोक्यावरचा धरत नाहीत. हातातलाच."

निघायची वेळ झाली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, म्हणजे रैनावारीपर्यंत चालणं आलं. समोवार उघड्यावर न्यायची सोय नव्हती, कारण वाटेत शोरांच्या भाच्याचं दुकान होतं. तेव्हा तो फेरनच्या आत, पोटाशी. एका हातानं आतून आधार. ताजाबेगमनी दारात कांगडी पुढे केली, निखारे नुकतेच भरलेले.

"खाली ठेव," साहेब म्हणाले.

"अहो, मी बायको आहे तुमची!"

"म्हणूनच."

तिनं कपाळाला हात लावून कांगडी पायरीवर ठेवली. त्यांनी ती उचलली आणि फेरनच्या आत घेतली, पोटाशी, समोवाराला लागून.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल ते नवाकदलात कुणाच्याही लक्षात आलं नाही. ना साहेबांच्या, ना ताजाबेगमच्या, ना भिंतीवरून पाहणाऱ्या रहीमच्या. आणि यात कुणाला मूर्ख म्हणायचं कारण नाही. काश्मिरी माणूस थंडीत कांगडीशिवाय बाहेर पडला तर लोक त्याला नाडी तपासून घ्यायला सांगतात. कांगडी ही काही बरोबर घेतलेली वस्तू नसते. ती त्याच्या अंगाचाच एक गरम भाग असते.

पहिला पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या चौकात साहेबांना मांडीवर काहीतरी ओघळल्यासारखं वाटलं. त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या गल्लीत ते ओघळून मोज्यात उतरलं. समोवाराची तोटी, जिला वर्षभरात कोणी हात लावला नव्हता, ती त्यांच्याच मुळावर आली होती. साहेब थांबले तर खाली पांढऱ्या बर्फावर थेंब थेंब खड्डे पडत. चालू लागले तर मागे एक बारीक, नागमोडी रेघ येई.

बर्फाच्या आनंदात सगळं शहर रस्त्यावर होतं आणि सगळ्या शहराला डोळे होते.

"चाचा," एक तरुण काळजीनं म्हणाला, "घरी जा. थंडीत होतं असं. माझ्या सासऱ्यांनाही होतं."

"मला काही झालेलं नाही!"

"तेही असंच म्हणतात."

औषधाच्या दुकानदारानं फळीवरून हाक मारली, "साब, लाजू नका. गोळी आहे यावर. जेवणानंतर एक." समोरच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "गोळ्या कसल्या देतोस, तीळ चाव म्हणावं." लगेच ओट्यावरच दोन पक्ष पडले, एक गोळीचा, एक तिळाचा. फुगलेलं पोट पाहून कुणीतरी मूत्रपिंडाचा विषय काढला. जलाल साहेबांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हा समोवार आहे! माझ्या पोटात समोवार आहे! पण दहा पावलांवर शोरांच्या भाच्याचं दुकान होतं, आणि तो भाचा दारात उभा राहून हात हलवत होता. अवर सचिव जलालुद्दीन नक्काश यांनी मान ताठ ठेवली, चेहरा सचिवालयात ठेवायचे तसा ठेवला, आणि पाचशे माणसांच्या सहानुभूतीतून ठिबकत पुढे गेले. आडनावासाठी पूर्वजांनी काय काय सोसलं असेल, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

शोरांच्या अंगणात पोचले तेव्हा सगळं घर बाहेर होतं. मधोमध हबीबुल्ला शोरा उभे, त्यांचेही हात फेरनच्या आत! व्याहीही 'बंद' होते. दोघांनी एकमेकांना दुरून सलाम केला, हात न काढता.

"या व्याही साहेब," शोरा म्हणाले. "एवढ्या बर्फात पायी? काही द्यायला आलात की काय?"

"छे, द्यायला कसलं," जलाल साहेब म्हणाले आणि फेरन वर करून त्यांनी समोवार बाहेर काढला. "तुमचाच परत करायला. वर्षभर ऐकतोय."

"अरे, माझा समोवार!" शोरांचा चेहरा उजळला. सगळी सावधगिरी विसरून त्यांचे दोन्ही गुबगुबीत हात बाहेर आले आणि त्यांनी तो कवटाळला.

"नवशीन मुबारक!" जलाल साहेब असे ओरडले की अक्रोडाच्या झाडावरचा बर्फ खाली आला. "नवशीन मुबारक! नवशीन मुबारक!" तीन हिवाळे त्या आवाजात होते.

शोरा पांढरेफटक पडले. त्यांनी हळूच झाकण काढलं, आत पाहिलं, बोट बुडवलं, बाहेर काढलं.

"व्याही साहेब," ते म्हणाले, "पत्ती घालायची विसरलात."

आत छान कोमट पाणी होतं. जलाल साहेबांनी समोवाराकडे पाहिलं, मग आपल्या फेरनच्या आत, जिथे कांगडी निष्ठेनं धगधगत होती. अंगणात जो हशा उसळला तो ओसरायलाच तयार होईना. नवाकदलला फोन लावून अहद काकांचा निकाल मागवला गेला. फोनमधून आधी लांब शांतता आली, म्हणजे काकांनी डोळे मिटले असावेत. "वितळला की तो शीन नाही, पाणी. पाण्यावर दावत नसते."

साहेब भिजलेल्या मोज्यांत थरथरत उभे होते. कुणी कोरडा फेरन आणला. "खाली ठेवा," साहेब दात वाजवत म्हणाले. कुणी टॉवेल आणला. "खाली." विहीणबाई चहाचा पेला घेऊन आल्या. "ख्-खाली."

"अब्बा!" नुजहत पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगलाच चढला होता. "न्यूमोनिया झाला तरी चालेल, पण हात बाहेर येणार नाहीत ना? त्या दिवशी माझं लेकरू तुमच्यापुढे मूठ धरून उभं राहिलं. रोटीचा तुकडा होता, अब्बा. रोटीचा! घरी जाईपर्यंत हुंदके देत होतं. कसलं नाव जपताय तुम्ही? त्याला कुठे ठाऊक आहे तुम्ही नक्काश की कोण?"

अंगणातला हशा विरला. शोरांनी समोवार पायरीवर ठेवला.

तेवढ्यात पायऱ्यांपाशी बर्फात बसलेला मुनीब उठला. दोनदा पडला, उठला. त्यानं खाली वाकून काहीतरी उचललं आणि डुलत डुलत, नाक लाल, टोपी डोळ्यावर, तो थेट आजोबांपुढे येऊन उभा राहिला. त्यानं मूठ वर केली. छोट्या बोटांच्या फटींतून पांढरं पांढरं दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं.

"घे," मुनीब म्हणाला. आणि मग, मागचं आठवून असेल, थोडा थांबून बघत राहिला.

जलाल साहेबांचे दोन्ही हात फेरनमधून बाहेर आले. ते तिथेच बर्फात गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. मुनीबनं मूठ उघडून चिमूटभर शीन आजोबांच्या हातावर ठेवला आणि आनंदानं उड्या मारायला लागला. मारता मारता बसला, आणि बसून मारत राहिला.

"नवशीन मुबारक!" जलाल साहेबच ओरडले. "फसलो! साफ फसलो! दावत माझी!"

"कसे फसलात?" शोरा म्हणाले. "दिसत होतं की उघड! तुम्ही बघून घेतलंत."

"कुठे बघितलं? चष्म्यावर वाफ होती!"

"चष्मा तुमच्या खिशात आहे!"

"म्हणूनच दिसलं नाही!"

"हे चालणार नाही," शोरा भडकले. "मी आधी फसलो. समोवार मी घेतला. निघताना त्यात शीन होता की नव्हता? दावत माझी!"

"काकांचा निकाल झालाय!"

"काकांचं वय झालंय!"

दोन्ही व्याही, एक भिजलेला आणि एक गोल, बर्फात उभे राहून आपणच कसे हरलो यावर भांडत राहिले, आणि मधल्या वेळात मुनीबनं आजोबांच्या हातात एक मोजा, एक काटकी आणि पुन्हा शीन दिला. त्यांनी प्रत्येक वेळी तो घेतला आणि प्रत्येक वेळी नव्यानं फसले.

दावत नवाकदलला ठरली. दुसऱ्या सकाळी छपरांवर शीन तसाच होता आणि जलाल साहेब अली कांदुरच्या भट्टीवर रोट्या घेत होते. दोन्ही हात बाहेर, त्यांवर गरम रोट्यांची चवड, वर जाना आपांनी दिलेला सलगमचा वाडगा. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मसूदी दिसले. शोरांनीच त्यांना आग्रहानं पाठवलं होतं. बर्फात सगळी घरं सारखी दिसत असल्यानं ते पुन्हा गोंधळले होते.

"नक्काश साहेबांचं घर..." त्यांनी भट्टीपाशी येऊन विचारायला सुरुवात केली.

अलीनं घाबरून साहेबांकडे पाहिलं.

"नक्काश या गल्लीत कोणी नाहीत," जलाल साहेब वळून म्हणाले. "शीन आहेत. मीच. जलाल शीन." त्यांनी रोट्या फळीवर ठेवल्या, भट्टीबाहेरच्या बर्फानं भरलेल्या कठड्याला सहज टेकल्यासारखं केलं आणि मग मोठ्या प्रेमानं उजवा हात पुढे केला.

मसूदींचा हात निम्म्यावर आला आणि झटकन फेरनच्या आत गेला. पुलावरचा प्रसंग त्यांच्या लक्षात होता, आणि कठडाही त्यांनी पाहिला होता.

"आधी मूठ उघडा, शीन साहेब," ते म्हणाले.

जलाल साहेबांनी मूठ उघडली. आत शीन होता.

"ओळखलंत!" ते खुशीत ओरडले आणि ओल्या हातानंच त्यांनी मसूदींना मिठीत घेतलं. "ओळखलंत की! आता दावत माझ्यावर. चला घरी, आणि जेवायला मुलीलाही बोलवा."